ऊन पिणारं माळवद

मी केदारखेड्यातल्या रखमाजीच्या घराचं माळवद बोलतोय. दचकू नका. मान जरा वर करा, म्हणजे दिसेन.

माणसाला छपराची आठवण होते ती गळायला लागल्यावर. एरवी सगळी हयात आमच्याखाली काढून कुणी आमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हां, आजारी माणूस पाहतो, बाळंतीण पाहते, झोप उडालेली म्हातारी पाहते. उताणं पडल्याशिवाय आमची गाठ पडत नाही. त्यामुळे घरातली खरी दुखणी वैद्याच्या आधी आम्हाला कळतात.

ज्यांचा जन्म कौलांखाली गेला त्यांना माळवद म्हणजे काय ते सांगावं लागेल. मी सपाट आहे आणि मातीचा आहे. खाली निंबाची जाड तुळई, तिच्यावर आडव्या बल्ल्या, बल्ल्यांवर दाटीनं बसवलेल्या काटक्या, त्यांच्यावर निंबाचा पाला आणि तुराट्या, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ना चुना, ना लोखंड. बांधावरचं झाड आणि पायाखालची माती डोक्यावर नेऊन ठेवली, की झालो मी.

रखमाजीचा धाकटा भाऊ धर्मराज इंग्रजांच्या मोठ्या लढाईवरून जिवंत परत आला, त्याच्या पुढच्या साली माझा जन्म झाला. निजामाचं राज्य होतं. रखमाजी साधा कुणबी, पण घर बांधायचं म्हटल्यावर त्याच्या अंगात देव यायचा. भिंती त्यानं गावकऱ्यांच्या मदतीनं उभ्या केल्या. माझ्या बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकेना. प्रत्येक काटकी त्यानं स्वतः हातानं दाबून पाहिली.

पांढरी माती आणायची ती गावाशेजारच्या उंचवट्यावरून. तिथं पूर्वी गाव होतं म्हणतात. घरं उभी राहिली, पडली, त्यांच्यावर पुन्हा उभी राहिली. त्या सगळ्या भिंतींची, सगळ्या माळवदांची ती माती. म्हणजे माझ्या अंगावर जी माती पडली, ती आधीही कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर होती. हे कळलं तेव्हा मी भारावून गेलो. आजचा जन्मलेला मी, आणि वय केवढं!

रखमाजीची बायको सोनूबाई पाट्या वाहून आणायची आणि लाकडी चोपण्यानं माती चोपायची.

"बराबर चोप गं," रखमाजी म्हणायचा. "पाणी काही दारातून येत न्हाई. फट हुडकत येतं."

"आवं, चोपून चोपून हात गळून राह्यले माझे," सोनूबाई म्हणायची. "घर बांधून राह्यले का किल्ला?"

तो हसायचा आणि तिच्या हातातलं चोपणं स्वतः घ्यायचा. दोघांचं ते भांडण मला इतकं गोड वाटायचं, की माती ओलीच राहावी असं वाटे.

काळी माती का नाही, असं तुम्ही विचाराल. शेजारच्या भुजंगानं एकदा आळसापायी शेतातली काळी माती छपरावर लोटली होती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि पावसाळ्यात तिची रबडी होऊन भुजंगाच्या अंथरुणावर आली. काळी माती पिकाची. ती पाणी पिते आणि फुगते. पांढरी पाण्याला थारा देत नाही, आणि उन्हालाही अर्ध्या वाटेवरून परत पाठवते.

संध्याकाळी धर्मराज माझ्या कठड्याशी बसून लढाईच्या गोष्टी सांगायचा. तोफांच्या नव्हे. फौजेत तो खेचरं हाकायला होता, त्यामुळे त्यानं मुलूख पाहिला तो खालून वर, सावकाश.

"दादा, बसऱ्याला अशीच माळवदं हायेत," तो म्हणाला. "बिलकुल अशीच. खजुराचं लाकूड आन् वर माती. उन्हाळ्यात सगळी वस्ती रातीला वर झोपती."

"पांढरी हाय का तिथं?" रखमाजीनं विचारलं.

"माती ज्याची त्याची. अक्कल एकच. आन् बोटीत बसायला मुंबईकडं गेल्तो ना, तव्हा घाट उतरल्यावर पाह्यलं तं सगळी छपरं उतरती. तिथला पाऊस असा हाय, का आपलं माळवद तिथं टाकलं तं एका रातीत त्याची खीर होईल."

"मंग तुमी गेल्ता त्या बरफाच्या मुलखात कसं असतंय?" सोनूबाईनं पाटी खाली ठेवत विचारलं.

"तिथं बी सपाट, वयनी. मातीचंच. पण ते थंडीपायी. चूल पेटली का ऊब कोंडून ठेवतं. बरफ पडला का लोक लाकडी फावड्यानं लोटून देत्यात खाली."

मी एका जागेवरून हललेला नाही, हलणारही नाही. आणि समुद्रापलीकडे, बर्फाच्या डोंगरांत, माझी सख्खी भावंडं माणसांच्या डोक्यावर हात धरून उभी आहेत! सूर्य सगळीकडे एकच. पण कुठं त्याला अडवायचं, कुठं त्याची ऊब कोंडून ठेवायची, कुठं पावसाला घसरगुंडी करून द्यायची, हे ज्यानं त्यानं आपल्या आभाळाकडे बघून ठरवलेलं. कुणी कुणाला शिकवायला गेलं नव्हतं. याचं नवल मला अजून सरलेलं नाही.

आता माझं काम सांगतो.

आमच्याकडचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय चीज आहे ते आम्हा माळवदांना विचारा. सकाळी ते पाहुण्यासारखं येतं. दुपारी घराचा मालक होतं. शेतातली पाखरं चूप, कुत्री गाडीखाली, गावात चिटपाखरू नाही, आणि ते एकटं माझ्या छातीवर उभं. मला त्याची भीती वाटते आणि त्याच्यासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, हेही खरं.

माझ्या पांढऱ्या अंगावरून बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं. उरलेलं आत शिरतं. पण मातीत त्याला धावता येत नाही. बोट बोट सरकत ते खाली उतरतं. दुपारी निघालेली ऊब खालच्या काटक्यांपर्यंत पोचते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. आणि तेव्हा घरात असतं कोण? माणसं अंगणात बसलेली, नाहीतर वाकळा घेऊन माझ्या डोक्यावर आलेली. ऊब रिकाम्या घरात उतरते आणि साण्यातून निघून जाते. साणं म्हणजे माझ्या मधोमध ठेवलेलं भोक. चुलीचा धूर आणि गरम वारा तिथून वर जातो, उजेड तिथून खाली येतो, आणि पावसात त्याच्यावर फरशी ठेवतात. रात्रभर मी चांदण्यांखाली दिवसाची सगळी ऊब आभाळाला परत करतो. पहाटे कोराच्या कोरा होऊन पुन्हा सूर्याची वाट पाहतो.

थंडीत हाच खेळ उलटा. दिवसाचं ऊन मी रात्री घरात सोडतो, आणि सोनूबाईची शेकोटीची गोवरी वाचते. मी काही करत नाही. नुसता पडून असतो. पडल्या पडल्या एवढं होतं, याचं मलाच आश्चर्य वाटतं.

मात्र एक गोष्ट मला माहीत होती, आणि रखमाजीला. ऊन माझ्यात वीतभर उतरतं, फार तर हातभर. त्याखालच्या मातीला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे कळत नाही. हातभर जाडी झाली की उन्हाचा बंदोबस्त झाला. त्यावर कितीही माती चढवा, गारवा वाढत नाही, ओझं तेवढं वाढतं.

म्हणून दर ज्येष्ठात, पावसाच्या आधी, रखमाजी आधी मला खरवडायचा आणि मग नवी पांढरी टाकायचा. जुनी उतरव, नवी चढव. भांडं घासावं तितक्या सहज.

एका साली पांढरीतून जरा पिवळसर माती निघाली. रखमाजीला ती फार आवडली. "सोन्यावानी हाय," म्हणत त्यानं ती माझ्यावर पसरली, दिवसभर चोपली, आणि श्रावणात तापानं तो गेला. घरातून बाहेर नेताना त्याचं तोंड वर होतं. शेवटची नजर त्यानं माझ्यावर टाकली असं मी म्हणणार नाही, कारण डोळे मिटलेले होते. पण मला तसं वाटलं.

पुढच्या ज्येष्ठात मुलगा बद्रीनाथ कुदळ घेऊन वर आला, तेव्हा सोनूबाई शिडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"खरवडायचं न्हाई," ती म्हणाली.

"आगं माय, जुनी काढल्याबगर नवी कशी टाकावं?"

"वरून टाक. त्यांच्या हातची माती हाय ती. त्यांच्या हातची माती डोक्यावर हाय तंवर मी उघडी न्हाई."

बद्रीनाथ कुदळ घेऊन खाली उतरला. आईचं कपाळ नुकतंच मोकळं झालेलं होतं. नवी माती पिवळ्या थरावर पडली. त्याच्या पुढच्या सालीही पडली. त्याच्या पुढच्याही. रखमाजीची माती पावसानं वाहून जाऊ नये म्हणून सोनूबाई दर साली तिच्यावर पांघरूण घालत राहिली. गावात बायका कौतुक करायच्या. "सोनूबाईचं माळवद पाहा, केवढं जाड! घराणंच तसं हाय." सोनूबाईचा ऊर भरून यायचा.

आणि माझी तुळई वाकू लागली.

माझी उंची वाढत वाढत पन्हाळीचं तोंड बुजलं, तेव्हा बद्रीनाथनं पन्हाळ उचलून वर बसवली. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणसाच्या मायेचं मला कोडं पडतं ते इथं. रखमाजीवरची माया सोनूबाई पाटी पाटीनं डोक्यावर चढवत होती, आणि ज्यांच्यासाठी रखमाजीनं मला उभं केलं त्यांच्यावरच मी उद्या कोसळणार होतो. ऊन अडवणं माझ्या हातात होतं. ओझं अडवणं नव्हतं.

एके दिवशी मधल्या खणातली तुळई कर्रकन वाजली. खाली बसलेल्या धर्मराजाच्या ताटात माती पडली. बद्रीनाथनं वर पाहिलं, तर लाकडाला उभी चीर गेलेली. त्यानं त्याच दिवशी बाभळीचा टेकू आणून तिच्याखाली उभा केला.

"वयनी, तुळई बदलावी लागंल," धर्मराज म्हणाला. "आन् बदलायची तं सगळी माती उतरवावी लागंल. टेकू किती दिवस धरंल?"

"मी हाय तंवर धरंल," सोनूबाई म्हणाली.

"माय, तुझ्या डोक्यावर पडलं तं?" बद्रीनाथ ओरडला.

"पडू दे. त्यांच्याच हातची हाय."

बद्रीनाथ चिडला, पण आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. जालन्याला सरकी काढायच्या एका कारखान्याची जुनी शेड मोडली होती, तिचे पत्रे तो गाडीत घालून घेऊन आला. अंगणाच्या पलीकडे त्यानं नवी खोली बांधली आणि पत्रे टाकून बायकोला, गोजरबाईला, तिथं नेलं. "ना माती वाहायची, ना चोपायची, ना डोक्यावर पडायची भीती," तो म्हणाला. त्याचं काही चूक होतं का? बायकोच्या डोक्यावरची पाटी त्याला उतरवायची होती. सोनूबाई मात्र माझ्याखालीच राहिली, टेकूच्या बाजूच्या खणात.

पत्रा पाहायला अख्खं गाव लोटलं. काय ती चकाकी! पावसाळ्यात तर त्यानं माझं नाकच कापलं. थेंब पडला की वाजायचा आणि घसरून जायचा. आत टिपूस नाही. मी तोवर इकडे जागोजाग ओला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला.

थंडी आली तसा त्याचा स्वभाव कळू लागला. सूर्य बुडला की पत्रा गार पडायचा, इतका की रात्री आतून त्याला पाणी सुटायचं. गोजरबाईला दिवस गेले होते. शेकोटीला गोवऱ्या दुप्पट लागायला लागल्या आणि तरी तिचे पाय गार ते गारच. पत्र्याला धरून ठेवणं माहीतच नाही. ऊन आलं की तो ऊन होतो, गारवा आला की गारवा होतो. जिथं ढग सदा असतात, हवा सदा ओली असते, तिथं तो गुणाचा असेल. सरकीच्या कारखान्याच्या शेडीत माणूस दिवसभर राबून घरी जातो, तिथंही चालत असेल. आमच्या या उघड्या रखरखीत आभाळाखाली, ज्या खोलीत माणसं जन्मतात आणि झोपतात, तिथं मात्र तो परका पाहुणा होता.

फाल्गुनात गोजरबाईला मुलगी झाली. सगुणा नाव ठेवलं. मी तिला नीट पाहिलंही नाही, कारण ती अंगणापलीकडे.

आणि वैशाख आला.

त्या साली ऊन असं पडलं, की माझ्या वरच्या मातीला हात लावला तर फोड यावा. पत्र्याच्या खोलीतून दुपारी तडतड आवाज यायचा, लोखंड ताणलं जात असल्याचा. गोजरबाई विहिरीवरून घागरी आणून वर पत्र्यावर पाणी मारायची. पाणी वाफ होऊन उडून जायचं. तिनं गोणपाट भिजवून दाराला लावलं. ते बघता बघता वाळून जायचं. बाळंतिणीनं दिवसातून किती घागरी ओढायच्या? बद्रीनाथ बैल घेऊन भोकरदनच्या बाजाराला गेलेला. तो येईतो दोन पुरुष घरात, एक धर्मराज, गुडघ्यानं अधू, आणि एक मी, जागचा न हलणारा.

त्या दुपारी गोजरबाई अंगणातून अनवाणी धावत आली. कडेला लेकरू. लेकराचा आवाज नव्हता. ती थेट माझ्या मधल्या खणात आली आणि टेकूजवळच्या सारवलेल्या जमिनीवर फडकं टाकून तिनं पोरीला ठेवलं. सगळ्यात गार जागा तीच होती, साण्याच्या खाली; बाजूच्या खणात वाऱ्याची झुळूकही नव्हती. आणि वर होती चिरलेली तुळई.

मी तेव्हा सगुणाला पहिल्यांदा नीट पाहिलं. ओठ वाळलेले, टाळू आत गेलेली, डोळे अर्धे उघडे. अंग इतकं तापलेलं, की खालच्या जमिनीतून ती ऊब भिंतीत आली आणि भिंतीतून मला कळली असं मला वाटलं.

"तिथं नगं गं, गोजर!" सोनूबाई बाजूच्या खणातून ओरडली. "तुळई हाय वर!"

गोजरबाई वळली. एवढ्या दिवसांत सासूसमोर आवाज न चढवलेली ती बाई मोठ्यानं म्हणाली, "मंग कुठं नेऊ, आत्याबाई? तिथं माझं लेकरू भाजून राह्यलं. हितं दबून मरंल म्हणता. कुठं नेऊ ते तरी सांगा मला!"

माझ्याखाली गारवा होता, पण माझ्यावर रखमाजीची माती होती, आणि त्या मातीवर तिची इतक्या वर्षांची माती. टेकू थरथरत होता.

तेवढ्यात तुळई पुन्हा वाजली. बारीक माती भुरभुरत खाली आली.

मग सोनूबाईनं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. ती लगबगीनं आली, जमिनीवर गुडघे टेकले, दोन्ही हात सगुणाच्या दोन्ही अंगांना रोवले आणि पाठ वर करून तिच्यावर ओणवी झाली. पदर दोन्ही बाजूंनी खाली सोडला. माझ्याखाली तिनं स्वतःचं छप्पर केलं.

"पाज तिला," ती गोजरला म्हणाली. "थेंब थेंब पाज. मी हाय."

गोजरबाई आडवी होऊन कापसाच्या बोळ्यानं लेकराच्या ओठांत पाणी सोडत राहिली. ऊन माझ्या डोक्यावर उभं होतं, आणि मी इतक्या ताकदीनं त्याला कधी अडवलं नसेल. साण्यातून गरम वारा वर निघत होता. तुळई वाजली की सोनूबाईचे डोळे मिटायचे आणि पाठ आणखी ताठ व्हायची. माझी माती तिच्या पाठीवर पडत होती. वरून पडणारी ती धूळ कुणाच्या हातची, हे तिला ठाऊक होतं.

ऊन कलतं झालं तेव्हा सगुणा रडली. पातळ, चिडकी, जिवंत रड. मग तिनं आईचं दूध धरलं. धर्मराज दारात काठीवर हनुवटी टेकून बसला होता, तो लेकरासारखा ओक्साबोक्शी रडला. सोनूबाईला मात्र उठता येईना. तिची पाठ तशीच वाकलेली राहिली. दोघांनी मिळून तिला भिंतीला टेकवून बसवलं. पाठीवरची माती झटकायला गोजरबाईनं हात नेला, तर तिनं तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ वर माझ्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ बाजारातून आला तेव्हा आई शिडीवर होती. खांद्यावर कुदळ.

"माय, खाली उतर. आमी करतो."

"बाकीचं तुमी करा. पहिली पाटी माझी."

वरचे थर तिचेच होते. ते तिनं बघता बघता उकरले. बद्रीनाथ, भुजंग आणि शेजारचे दोघे पाट्या खाली नेत राहिले. खाली जाता जाता कुदळीला पिवळसर थर लागला. सोन्यावानी. सोनूबाई थांबली. सगळे थांबले. मीही श्वास रोखला, माळवदाला श्वास असलाच तर.

तिनं चिमूटभर माती कपाळाला लावली. मग कुदळ बाजूला ठेवून ती हातानंच पाटी भरू लागली आणि हळू आवाजात, जवळच्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "आवं, उतरा आता. नात आली घरात."

पाटी तिनं स्वतः खाली नेली. ती सगळी माती बद्रीनाथनं गाडीनं शेतात टाकली. आमच्याकडे जुन्या पांढरीसारखं खत नाही. बांधावरचा निंब तोडून नवी तुळई घातली, धर्मराज खाली बसून काठीनं खुणा करत होता. नव्या काटक्या, नवा पाला, आणि वर हातभरच माती, त्याहून बोटभरही जास्त नाही. गोजरबाई लेकरासकट माझ्याखाली परत आली. पत्र्याखाली आता कडबा आणि बैलांची औतं असतात. पावसात तो ती कोरडी ठेवतो. ज्याला त्याला त्याची जागा सापडली.

तेव्हापासून बरीच वर्षं गेली. धर्मराज गेला. यंदा निजामाचं राज्यही गेलं. आभाळातून विमानं गेली, लोक आरोळ्या देत रस्त्यावर आले, मी वरून पाहिलं. ऊन तेवढं कालचंच राहिलं.

सोनूबाई गेल्या थंडीत गेली. जाण्याआधी ती माझ्याकडे पाहत पडून असायची, आणि गोजरबाईला एकच सांगायची, "मी गेल्यावर माझ्या हातची माती ठेवू नगं. पहिल्याच साली उतरव."

या ज्येष्ठात गोजरबाई कुदळ घेऊन वर आली. गेल्या वर्षीचा थर सासूनंच चोपलेला, बसल्या जागेवरून, थरथरत्या हातांनी. पहिला घाव घालायला ती उभी राहिली आणि तिचा हात वरच राहिला. खाली उतरेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तेवढ्यात साण्यातून सगुणाचा आवाज आला. "माय, काय करून राह्यली वर? माती पडून राह्यली ना इथं!"

"मंग बाजूला सरक," गोजरबाई नाक पुसत म्हणाली, आणि तिनं कुदळ घातली.

तर बाबांनो, असा मी आहे. हातभर जाडीचा, पांढरा, रिकामटेकडा, दिवसभर सूर्याशी आणि रात्रभर चांदण्यांशी व्यवहार करणारा. कुठल्याही वैशाखात दुपारी या, खाली उताणं पडा, आणि माझ्याकडे पाहा. वर केवढी आग आहे आणि खाली लेकरू कसं गाढ झोपलंय, हे बघून तुमचेही डोळे माझ्यासारखे विस्फारतील. ज्यांनी मला चोपलं त्यांच्यावर जीव लावा. पण माझ्यावर त्यांचा भार ठेवू नका. खाली कुणीतरी झोपलेलं असतं.